दप्तरखान्यातले पांढरे रुमाल

नगर, गुरुवार ता. १२ जुलै १९४५

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाचा सूर्यभान याचा दंडवत. रेशनच्या ज्वारीवर माणसाला जेवढं खुशाल राहता येतं, तेवढे आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात मी डाव्याची चौकशी केली आणि मामींचं उत्तर आलं की दुखतो तो उजवा. या खेपेस जो दुखत असेल त्याची चौकशी समजावी.) मामींनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं आणि पोचल्याच्या चौथ्या दिवशी संपलं. राहुरीकडे पाऊस झाला म्हणे. इथं ढग रोज कचेरी भरायच्या वेळेला येतात, हजेरी लावतात आणि साहेब खुर्चीत बसले की निघून जातात.

पत्र लिहायचं कारण असं, की बाबाजानचा पट्टा उतरवला. आपल्या दप्तरखान्याचा शिपाई बाबाजान, ज्याला तुम्ही सोळा साली नोकरीत घेतलंत आणि ज्यानं तुमच्या हाताखाली सत्तावीस वर्षं काढली, तोच. तुम्ही आता चष्मा पुसून ही ओळ पुन्हा वाचाल, म्हणून मीच पुन्हा लिहितो: बाबाजानवर कचेरीतला कागद चोरल्याचा आळ आला आहे. येत्या सोमवारी साहेब निकाल देणार आहेत. निकाल विरुद्ध गेला तर म्हातारा या वयात चोर ठरून घरी जाईल. हे कसं झालं ते सविस्तर सांगतो. सांगताना मी इकडेतिकडे भरकटलो तर रागावू नका; यात सरळ सांगण्यासारखं फार थोडं आहे, आणि जे आहे ते लिहायला हात धजत नाही.

तुम्ही पेन्शनीत गेल्यावर वर्षभर आमच्यावर कुणी साहेबच नव्हते, आणि ते वर्ष फार सुरळीत गेलं. मग गेल्या दिवाळीत हे नवे साहेब आले. माणूस वाईट नाही हं मामा. सडसडीत, मवाळ, पान खात नाहीत, शिवी देत नाहीत. रबरी तळाचे बूट घालतात, त्यामुळे मागे येऊन उभे राहिले तरी कळत नाही (हेडक्लार्कांनी दोनदा त्यांच्यादेखतच त्यांची नक्कल केली). पण येताना त्यांनी कचेऱ्या कशा चालवाव्यात यावरचं एक जाडजूड विलायती पुस्तक बरोबर आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात आम्हाला ओळीनं उभं करून विचारलं, की या कचेरीचं ज्ञान कुठं आहे? असला प्रश्न आम्हाला कुणी कधी विचारलेला नव्हता. हेडक्लार्क म्हणाले, कपाटात. मी म्हणालो, साहेबांच्या चरणांशी. (हे तुमचंच शिक्षण.) गोरक्षनाथ शिपायाला शिष्टाचार कमी, त्यानं सरळ दप्तरखान्याच्या दाराकडं बोट केलं. दारात बाबाजान तपकीर ओढत बसला होता.

साहेबांना रुमाल म्हणजे नाक पुसायचा एवढंच ठाऊक. कागदांचा गठ्ठा कापडात बांधून गाठ मारतात, कापडासकट त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, आणि असे आपल्याकडे भिंत दिसू नये इतके आहेत, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं. कुठल्या रुमालात काय, हे मात्र वर कुठंच लिहिलेलं नाही, हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला. तुम्हाला माहीतच आहे की कापडाला मंजुरी कधी आली नाही, म्हणून बाबाजान मिळेल ते कापड आणायचा. बंगल्यावरचे पडदे, फाटकं हिरवं जाजम, बायको हाजराबीची विटकी ओढणी, तुमचं ते चुलीच्या ठिणगीनं जळालेलं उपरणं. गड्याला अक्षर ओळखता येत नाही, पण कुठलं कापड कुठल्या साली बांधलं आणि गाठ मारताना समोर कोण उभं होतं, ते सगळं त्याच्या डोक्यात. साहेबांनी हातात घड्याळ धरून एकोणीस सालच्या एका पुलाच्या तंट्याचा कागद मागितला. बाबाजान आत गेला आणि साहेबांचा चष्मा पुसून होण्याआधी कागद घेऊन बाहेर आला. कसा सापडला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, त्यो पडद्यातला हाय. त्या साली बंगल्यावर मेमसाबाचं लेकरू वारलं. पडदे काढून फेकले हुते, ते मी आनले. दोन दिसांनी ह्यो कागद आला."

आम्हाला वाटलं साहेब खूश होतील. साहेब घाबरले. त्यांनी बाबाजानच्या तोंडावरच आम्हाला विचारलं, की हा माणूस उद्या मेला तर कचेरीचं काय? आता प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तुम्ही स्वतःही दोनदा म्हणाला होतात की बाबाजानकडून सगळं उतरवून घ्यायला पाहिजे, आणि दोन्ही वेळा चहा आला आणि राहून गेलं. पण साहेबांनी ते अशा सुरात विचारलं, की कंदिलातलं तेल संपलं तर दुसरं कुठून आणायचं. उत्तर बाबाजाननंच दिलं. "मरनार तर हायच साहेब. पन सांगून मरंन," म्हणाला, आणि पुन्हा तपकिरीची डबी उघडून बसला.

मग हुकूम निघाला. बाबाजानच्या डोक्यात जे आहे ते उतरवून घ्यावं, आणि उतरवून घेणारा मी. हुद्दा 'सूचीकार'. पगार होता तोच, पण मला हातांची खुर्ची मिळाली. मामा, बारा वर्षं मी बिनहातांच्या खुर्चीत काढली आहेत. त्या खुर्चीचे हात मला इतके आवडले की पहिले दोन दिवस मी नुसताच हात ठेवून बसलो. शिवाय हेडक्लार्क पुढच्या वर्षी पेन्शनीत जातात आणि सूची नीट उतरली तर साहेब माझा विचार करतील, असं साहेबांनीच सुचवलं. घरी येऊन हे मी हिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, की सगळं उतरवून झालं म्हणजे मग बाबाजानचं काय करणार? मी तिला म्हणालो की कचेरीतल्या गोष्टी बायकांना कळत नाहीत. (हे वाक्य मी आता मागे घेतलं आहे.)

दोन महिने मी बाबाजानसमोर वही घेऊन बसलो. आपल्या कचेरीत कुणी कुणाला काही सांगत नाही, हे तुम्ही जाणताच. हेडक्लार्क शिक्क्याच्या पेटीची किल्ली कुठं ठेवतात ते त्यांच्या बायकोलाही माहीत नाही, आणि मीसुद्धा वार्षिक तक्त्यातली ती एक गोम आजवर कुणाला शिकवलेली नाही, कारण ती शिकवली तर मला कोण विचारणार? आणि हा गडी, ज्या एका गोष्टीच्या जोरावर साहेबलोक त्याला नावानं हाक मारत, ती एका कप चहावर मला देऊन मोकळा झाला. हातचं काही राखलं नाही. माझी वही अशी भरली: 'निळी ओढणी. थोरली लेक सरवरी जन्मली त्या साली. आत नागापूरच्या रस्त्याचे कागद. गाठ सैल, कारण घाई होती.' अशी तीन वह्या. साहेबांनी लाल पेन्सिल घेतली आणि ओढणी, सरवरी, जन्म आणि गाठ या सगळ्यांवर रेघ मारून वर लिहिलं, 'अप्रस्तुत'. खाली उरलं ते 'किरकोळ कागद, क्रमांक एकशे बारा'. मला तेव्हा ते फार स्वच्छ दिसलं.

होळीनंतर परमिटावर कापड आलं. पांढरं, कोरं मांजरपाट, थानंच्या थानं. मामा, आमच्या गल्लीत त्या आठवड्यात एका मयताला अंगावर घालायला कापड मिळेना, शेवटी धुवट धोतरात नेलं. आणि आमच्या कचेरीत कागदांना नवे कपडे शिवत होते. गोरक्षनाथ एक थान आपल्या धोतराला लावून पाहत होता, तेवढ्यात रबरी बूट मागे येऊन उभे राहिले. (त्याची एक दिवसाची रजा कापली.) जुने रुमाल सोडायला आठ दिवस लागले. गाठी बाबाजाननं स्वतःच्या हातानं सोडल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साहेबांनी जुन्या चिंध्या त्याला घरी न्यायची परवानगी दिली आणि हाजराबीनं त्यांची एक भलीमोठी गोधडी शिवली. इकडे सगळे रुमाल एकसारखे पांढरे झाले, त्यांवर आकडे आले, आणि साहेबांनी फोटोग्राफर बोलावून दप्तरखान्याचा फोटो काढला. फोटोत मी आहे. बाबाजान साहेबांच्या सांगण्यावरून बाजूला उभा होता, तो फोटोत आला नाही.

आता सूचीच्या चिठ्ठ्या. प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर त्याच्या रुमालाचा आकडा. पण लढाईमुळे कोरा कागद कुठं मिळतो? तेव्हा असं ठरलं की मुदत संपलेले जुने कागद बाहेर काढायचे आणि त्यांची कोरी पाठ चौकोनी कापून वापरायची. साहेब म्हणाले रोज दोनशे चिठ्ठ्या झाल्या पाहिजेत. मी कात्री घेतली. लढाईआधीचा तो जाड कागद कापताना असा गोड आवाज येतो की दोनशेच्या अडीचशे होत. बाबाजान मधूनमधून एखादा कागद उचलून म्हणायचा, "भाऊसाहेब, ह्यो न्हाई कापायचा." मी विचारायचो, का? तर तो कुणाचं तरी लग्न नाहीतर मरण सांगायचा. मी वैतागून एकदा म्हणालो, बाबाजान, तुला वाचता येतं का मला? त्यानंतर तो बोलायचा कमी झाला.

फोटो निघाला, चिठ्ठ्यांचे खोके रांगेत लागले आणि कचेरीतला एक कागद सापडेना. सूचीत एकशे बारा पाहावं तर आत तीनशे चाळीस. तीनशे चाळीस उघडावा तर त्यात हेडक्लार्कांची तंबाखूची पुडी. आठ दिवस आम्ही हे साहेबांपासून लपवलं. मग मी आणि गोरक्षनाथ गुपचूप बाबाजानच्या घरी गेलो आणि हाजराबीला गोधडी पसरायला सांगितली. म्हातारा तिच्यावरून हात फिरवत गेला. हिरव्या ठिगळावर हात थांबला की आत काय होतं ते तारीखवार सांगे, पडद्याच्या तुकड्यावर थांबला की पुलाचा तंटा सांगे. एकही चूक नाही. आणि ते कागद आता कुठल्या पांढऱ्यात असतील ते त्याला सांगता येईना. गोरक्षनाथ रडला. मीही रडलो असतो, पण मी सूचीकार होतो.

जूनच्या सुरुवातीला पाथर्डीकडच्या झुंबरबाई म्हणून एक विधवा बाई आल्या. त्यांच्या नवऱ्याची आणि दिराची विहीर सामाईक. बारा दिवसांतले पाच दिवस पाण्याची पाळी यांची, असा लेख दोघा भावांनी कचेरीत अंगठे उठवून करून ठेवला होता. नवरा गेला, बाईंजवळची नक्कल वाळवीनं खाल्ली, आणि दीर, कारभारी त्यांचं नाव, म्हणायला लागले की असा लेख झालाच नव्हता. (हे कारभारी आता लष्कराला कडबा पुरवतात. साहेबांकडे येतात तेव्हा त्यांना खुर्ची मिळते. हातांची.) बाईंना नवी नक्कल हवी होती. सूची पाहिली, कागद नाही. रुमाल उघडले, कागद नाही. साहेबांपुढे प्रश्न उभा राहिला. सूची चुकली म्हणावं तर फोटो वर गेलेला, वरून शाबासकी आलेली. तेव्हा सूची बरोबर, आणि कागद नाही, म्हणजे कुणीतरी नेला. आणि तो कुठं होता हे कुणाला माहीत होतं? माझ्या वहीत लाल रेघेखाली लिहिलेलंच होतं: 'लाल काठाचं लुगडं. झुंबरबाईचा पाण्याचा कागद. बाई त्या दिवशी रडली होती.' जे अप्रस्तुत म्हणून खोडलं होतं, तेच पुरावा म्हणून वर आलं. बाबाजानला जागा माहीत होती, म्हणून बाबाजाननंच कागद नेला, आणि कारभाऱ्यांना विकला.

गेल्या सोमवारी चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, कागद तू घेतलास का? बाबाजान म्हणाला, "न्हाई साहेब." मग कुणी घेतला? आम्ही सगळे होतो तिथं. साहेबांनी तीनदा विचारलं आणि तीनदा तो गप्प बसला, आणि गप्प बसणं म्हणजे कबुली असं साहेबांनी टिपून घेतलं. मग त्यांनी पट्टा उतरवायला सांगितला. मामा, तो पट्टा एकोणतीस वर्षं त्या खांद्यावर होता. बकल गंजून बसलेलं, त्याच्यानं निघेना. गोरक्षनाथ पुढं होईना. शेवटी मी काढून दिला.

तरी तुम्ही साहेबांच्या नावे एक पत्र लिहून पाठवावं, की मी या शिपायाला इतकी वर्षं ओळखतो, माणूस सचोटीचा आहे, वगैरे. तुमच्या सहीला इथं अजून मान आहे. पत्र शनिवारपर्यंत पोचावं. सौ. मामींना पुन्हा नमस्कार, मुलांचा दोघांना पापा. थोरांपुढे जास्त लिहीत नाही, आधीच फार लिहिलं.

तुमचा आज्ञाधारक,
सूर्यभान

ता. क. लोणच्याची बरणी रिकामी करून धुऊन ठेवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो.

दुसरा ता. क. वर मागितलेलं शिफारसपत्र लिहू नका. त्याची गरज नाही, कारण कागद हरवलेलाच नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी खोके लावायला कचेरीत गेलो होतो. एका मोरीच्या दुरुस्तीची चिठ्ठी खाली पडली ती उलटी पडली. मागे अर्धा अंगठा होता. ती चिठ्ठी ज्या दिवशी कापली होती त्या दिवशीच्या सगळ्या चिठ्ठ्या मी उलटून पाहिल्या आणि उरलेले तीन तुकडे निघाले. चारही आता माझ्या घरी देव्हाऱ्यात, देवाच्या तसबिरीच्या मागे आहेत. जोडून पाहिले, अंगठे जुळतात, पाच दिवसांची पाळी स्वच्छ वाचता येते. मी कापला मामा. बाबाजाननं तो माझ्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला होता, "बाई रडत आली हुती त्यो ह्यो कागद," म्हणाला होता, आणि तुला वाचता येतं का मला, असं मी त्याला विचारलं ते त्याच वेळी. म्हणजे चौकशीत साहेब तीनदा विचारत होते तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. मी त्याच्यापासून दोन हातांवर, हातांच्या खुर्चीत बसलो होतो.

तिसरा ता. क. हे पत्र इथं बंद करणार होतो, पण बाबाजान काल संध्याकाळी घरी आला होता ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे. उंबऱ्यावर बसला, चहा घेतला. कचेरीत मला भाऊसाहेब म्हणतो, काल नावानं बोलला; तुम्हाला मात्र अजून आबासाहेबच म्हणतो. "सूर्यभान, तू काय बोलू नको. तुजी नोकरी लांबची हाय, माजी झाली. आबासाहेबांनी तुला माज्या हाती दिलं हुतं. मला चोर म्हनत्यात तर म्हनू दे. बाईला तेवढा तिचा कागद गुपचूप दे, तिचं पानी बंद हाय." मला हे ऐकून रडू यायला हवं होतं. खरं सांगतो, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याला पोचवायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, आणि तो दिसेनासा झाल्यावर मग मला स्वतःची किळस आली. गुपचूप द्यायला तो कागद चार तुकड्यांत आहे, त्याच्या पाठीवर माझं अक्षर आहे. तो बाईंना द्यायचा तर साहेबांपुढेच ठेवावा लागेल. तेव्हा माझी खरी विनंती एवढीच. गुडघा कितीही दुखत असला तरी सोमवारी सकाळच्या गाडीनं नगरला या. कचेरीच्या पडवीतल्या बाकावर नुसते बसा, साहेबांशी एक शब्द बोलू नका, मलाही काही म्हणू नका. तुम्ही तिथं दिसलात तर मी चारही तुकडे टेबलावर ठेवीन. नाही दिसलात तर मी गप्प बसेन. मी मला चांगला ओळखतो.